गठ्ठा न सोडता

नवी मुंबईतील एका महापालिका शाळेत मी तिसरीला शिकवते. वर्गात 41 मुले आहेत. बहुतेकांचे वडील तुर्भ्याच्या घाऊक बाजारात हमाली करतात आणि आया घणसोली-कोपरखैरणे भागात भाजी, फुले विकतात. लहान मुलांच्या वाचन-गणिताचा पाया पक्का करण्यासाठी 2021 मध्ये सुरू झालेल्या निपुण भारत अभियानानुसार 99 पर्यंतच्या संख्यांची वजाबाकी दुसरीच्या अखेरीस यायला हवी. प्रत्यक्षात तिसरीच्या सुरुवातीला निम्म्या वर्गाची हातच्यापाशी गाडी अडलेली असते, आणि दरवर्षी वहीत तीच चूक दिसते. 52 वजा 28 या उदाहरणाचे उत्तर मूल 36 लिहिते. दोनातून आठ जात नाहीत, म्हणून ते आठातून दोन काढते. हा निष्काळजीपणा नव्हे. ‘मोठ्यातून लहान वजा करायचे’ हे पहिलीत आम्हीच सांगितलेले वाक्य ते मूल प्रामाणिकपणे पाळत असते.

उदाहरण कोणते द्यायचे यावरही बरेच अवलंबून असते, आणि प्रशिक्षणात याविषयी कोणी चकार शब्द काढत नाही. 52 वजा 27 दिले, तर बारातून सात गेले तरी पाच उरतात आणि सातातून दोन गेले तरी पाचच उरतात. उत्तर 35 आलेले पाहून आपल्याला वाटते की मूल दशक कमी करायला विसरले, आणि मग नसलेल्या आजारावर औषध देत बसतो. म्हणून मी 28 घेते. तिथे दशक कमी करायला विसरले तर 34 येतात आणि आठातून दोन काढले तर 36, त्यामुळे गल्लत होत नाही.

‘शेजाऱ्याकडून उसने घ्या’ असे शिकवणे मी केव्हाच सोडले. उसने घेतलेले परत करायचे असते हे आमच्या मुलांना फार चांगले ठाऊक असते, आणि इथे तर दशकाला कोणीच काही परत करत नाही. शाळेत आलेल्या डिजिटल फळ्यावर वजाबाकीचा एक खेळ आहे, त्यात चार फुग्यांपैकी बरोबर उत्तराचा फुगा वेळेत फोडायचा असतो. वीसच्या आतल्या वजाबाक्या तोंडी पक्क्या व्हायला तो चांगला आहे, आणि मुले तो मनापासून खेळतात. पण 36 चा फुगा फोडणाऱ्या मुलाला तो फक्त लाल फुली दाखवतो आणि पुढचा प्रश्न विचारतो. मूल 36 पर्यंत कोणत्या वाटेने आले, हे त्या फळ्याला कधीच कळत नाही, आणि मला तर नेमके तेच हवे असते.

म्हणून मी काड्यांचा खेळ तयार केला. आइस्क्रीमच्या काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे रबर लावून बांधले. प्रत्येक गटापुढे पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या ठेवायच्या, कार्ड उचलायचे आणि त्यावरच्या संख्येइतक्या काड्या ‘बँक’ झालेल्या मुलाला द्यायच्या. सुट्या कमी पडल्या की गठ्ठा सोडायचा. रबर ओढताना काड्या हातात सैल होतात, त्या क्षणी दशक सुटा होणे म्हणजे काय हे मुलाच्या बोटांना कळते, अशी माझी खात्री होती आणि ती आजही आहे.

त्या दिवशी खिडकीजवळच्या गटात गलका झाला. बँक झालेला मुलगा उठून तक्रार करू लागला, “बाई, ही देते जास्त आणि परत मागते!” ज्या मुलीविषयी तो बोलत होता, तिची आई स्टेशनबाहेर मेथी-कोथिंबिरीच्या जुड्या विकते आणि संध्याकाळी ती आईजवळ बसते. तिच्या वहीत त्याच आठवड्यात 36 आले होते. आता हातात 28 चे कार्ड होते. तिने तीन गठ्ठे बँकेपुढे सरकवले होते आणि दोन काड्या परत मागण्यासाठी हात पुढे केला होता.

मी तिला थांबवले. “आधी गठ्ठा सोडायचा, असा नियम आहे ना?” तिने मुकाट्याने गठ्ठे मागे घेतले, एक सोडला, काड्या एकेक करून मोजल्या, दोन गठ्ठे आणि आठ काड्या दिल्या. मग स्वतःपुढच्या चोवीस काड्यांकडे बघून म्हणाली, “बाई, तेवढ्याच राहिल्या.”

ती बरोबर होती. बावन्नातून तीस दिले की बावीस उरतात, त्यात परत आलेले दोन मिळवले की चोवीस. पन्नासची नोट घेऊन उरलेले पैसे देण्याचाच हा हिशेब होता, आणि त्यात हातचा लागतच नव्हता. जो खेळ मुलांची वाट दिसावी म्हणून मी बनवला, त्याच्या नियमात मी एकच वाट ठेवली होती.

दुसऱ्या दिवशी मी नियम सैल केला आणि तिला 29 चे कार्ड दिले. तिने क्षणभरही विचार न करता तीन गठ्ठे दिले, एक काडी उचलली आणि शेजारणीला समजावले, “एकोणतीस म्हणजे तीसच, एक कमी.” मी फळ्यावर एकोणीस, एकोणतीस, एकोणचाळीस असे एकोणनव्वदपर्यंतचे आठही शब्द लिहिले. एकोण म्हणजे एक ऊन, एक उणे. 2019 मध्ये दुसरीच्या पुस्तकात एकवीससाठी ‘वीस एक’सारखे संख्यावाचन आले तेव्हा मोठा वाद झाला, बावन्न ऐकून 25 लिहिणारी मुले रोज पाहत असल्यामुळे मला तो बदल पटला होता आणि अजूनही पटतो. पण ‘वीस नऊ’ म्हणताना तीसला एक कमी असल्याची खूण पुसली जाते, हे त्या मुलीमुळे प्रथमच माझ्या ध्यानात आले.

मात्र तिची रीत सर्वांना शिकवावी का, याचे उत्तर मला सापडलेले नाही. तिचे पाहून दोन मुलांनी 28 साठी तीन गठ्ठे दिले आणि दोनऐवजी आठ काड्या परत घेतल्या. दहाला किती कमी हे ज्याला चटकन येत नाही, त्याच्या हातात ही रीत टिकत नाही. शिवाय चाचणीच्या कागदावर दशक खोडून वर नवा अंक लिहायला चौकटी छापलेल्या असतात. तिने त्या रिकाम्या ठेवल्या आणि खाली 24 लिहिले. मी पूर्ण गुण दिले. माझ्या ज्येष्ठ सहकारी बाईंच्या मते पायरीचा गुण कापायला हवा होता, कारण चौथीत शून्ये आली की ती अडेल. मला तसे वाटत नाही. 300 वजा 198 तिला शेकड्याच्या पुड्यांनी मी देऊन पाहिले. तिने दोन पुडे दिले, दोन काड्या परत घेतल्या आणि 102 सांगितले. पण 300 वजा 146 ला ती बराच वेळ पुड्यांकडे पाहत बसली, आणि शेवटी एक पुडा सोडायला तिने माझ्याकडे परवानगी मागितली.

नोंदवहीत ‘दशक सुटा करून वजाबाकी करते’ या रकान्यापुढे होय किंवा नाही लिहायचे असते. इतर चाळीस मुलांच्या नोंदी झाल्या आहेत. तिच्या नावापुढची जागा मी अजून भरलेली नाही.