टेबल उघडायला उशीर

सोमवार

आठला ऑनलाइन पोकरचं टेबल उघडायचं ठरलेलं असतं आणि पावणेनऊपर्यंत सुरुवातीची कोणती पानं खेळावीत याचे तक्ते चाळणं चालू असतं. पोकरमधली चालढकल चटकन पकडता येत नाही, कारण ती अभ्यासाचं सोंग घेते. जे पाहिलं त्यातलं आज टेबलावर काहीच वापरायचं नसेल, तर तो अभ्यास नव्हे. रिव्हरवर (शेवटचं सामाईक पान उघडल्यावर) पॉटपेक्षा, म्हणजे मध्ये जमलेल्या रकमेपेक्षा, मोठी बेट कशी लावावी यावर दोन तास व्हिडिओ पाहणाऱ्याचे पैसे बहुधा बिग ब्लाइंडमधून (पानं पाहण्याआधीच सक्तीची रक्कम भरावी लागते त्या जागेवरून) नको ती पानं कॉल करण्यात, म्हणजे समोरच्याएवढी रक्कम घालून डावात राहण्यात, जात असतात.

मूळ भीती आकड्याची. सत्र संपल्यावर आलेख खाली दिसेल आणि आपल्याला खेळता येत नाही हे सिद्ध होईल, अशी. म्हणून तो आकडा किती बोलतो ते आधी मांडून पाहावं. नो-लिमिट होल्डेममध्ये (हातात दोन पानं, मध्ये पाच सामाईक, बेटेला कमाल मर्यादा नाही) 100 डावांमागे 5 बिग ब्लाइंड, म्हणजे त्या सक्तीच्या रकमेच्या पाचपट, कमावणारा खेळाडू चांगलाच म्हणायचा. सहाजणांच्या टेबलावर त्याच 100 डावांमागचं प्रमाण विचलन (निकाल सरासरीपासून साधारण किती हलतात ते) 90 बिग ब्लाइंड धरू. विचलन डावांच्या वर्गमुळानं वाढतं, कमाई सरळ वाढते. 300 डावांच्या एका संध्याकाळी अपेक्षित कमाई 15 आणि विचलन 156 च्या आसपास. म्हणजे हा चांगला खेळाडू शंभरातल्या 46 संध्याकाळी हरून उठतो. 10,000 डावांनंतरही तो तोट्यात असण्याची शक्यता जवळपास 29 टक्के उरतेच. अशा आकड्यावरून रात्री अकरा वाजता स्वतःची लायकी काढायची, म्हणजे छापा-काटा करून पत्रिका मांडण्यातला प्रकार.

अर्थात एवढ्यानं भीती जात नाही. पोटाला वर्गमूळ कळत नाही.

बुधवार

टाळाटाळ डावाच्या आतही चालते. तिथं तिचं नाव फोल्ड, म्हणजे पानं टाकून डाव सोडणं.

उदाहरण मांडून ठेवतो. हातात इस्पिक एक्का आणि किलवर राणी. फ्लॉपवर (पहिली तीन सामाईक पानं) बदाम राणी, बदाम सत्ती, किलवर तिर्री. टर्नला (चौथं पान) इस्पिक दुर्री, रिव्हरला चौकट दश्शी. पॉट 100, समोरच्याची बेट 75. घड्याळ सरकतंय, डोक्यात एकच घोळ: ‘याच्याकडे काय असेल?’ वेळ संपत आला की बोट आपोआप फोल्डवर जातं, कारण फोल्ड केल्यावर आपण चुकलो हे कुणी दाखवत नाही. समोरची पानं झाकलेलीच राहतात.

क्रम ठरलेला असला तर पंधरा सेकंद पुरतात. पहिल्यांदा किंमत: 75 घालून एकूण 250 साठी लढायचं, म्हणजे 30 टक्के वेळा जिंकलो तरी बरोबरी. मग आपल्याला हरवणारी मुख्य पानं मोजायची. सत्ती, तिर्री, दुर्री, दश्शी यांचे तीन-तीन सेट (हातात जोडी आणि टेबलावर तिसरं तसंच पान), राण्यांचा एक, आणि राणी-दश्शीच्या सहा जोड्या (दोन पानांचे शक्य मेळ): झाल्या 19. शेवटी हुकलेले बदाम, म्हणजे पाच बदामांच्या फ्लशची वाट पाहत राहिलेली पानं. 19 समोर ब्लफच्या नऊ जोड्या असल्या तरी कॉल बसतो, आणि समोरचा ब्लफ करणारा असेल तर हुकलेल्या बदामांत तेवढ्या सहज निघतात. आपल्या हातात एकही बदाम नाही, ही इथली मोलाची गोष्ट. एक्का इस्पिकऐवजी बदामचा असता, तर समोरच्याचे कितीतरी हुकलेले फ्लश आपणच अडवले असते आणि पारडं फोल्डकडे झुकलं असतं.

आता हा कॉल शंभरातल्या 35 वेळा जिंकतो असं धरा. 65 वेळा पैसे जातात, तरी दर कॉलमागे सरासरी 12.5 हातात राहतात. मला वाटतं अपयशाची भीती नेमकी इथं घात करते. पासष्ट वेळा हरलेली गोष्ट बरोबर होती, हे मनाला पटत नाही. उलटही मोजून ठेवावं: 75 च्या बेटेपुढे आपण 43 टक्क्यांहून जास्त फोल्ड केलं, तर समोरच्याला कुठल्याही दोन पानांवर ब्लफ परवडतो.

समोरचा रिव्हरवर कधीच ब्लफ न करणारा असेल, तर फोल्डच योग्य. लहान दावांच्या (कमी रकमेच्या) टेबलांवर असे पुष्कळ भेटतात. फरक ओळखायला नोंदवहीत फोल्डपुढे कारण लिहावं. कारणात पानांची किंवा समोरच्याच्या सवयीची नावं आली नाहीत, तर घाबरून फोल्ड केलेलं.

शनिवार

वरच्या दावांवर जाणंही असंच लांबतं. ‘अजून 10,000 डाव झाले की’ म्हणायचं, ते झाले की पुन्हा 10,000. त्यापेक्षा भीतीला भाव लावून टाकावा. 40 बाय-इन (टेबलावर बसताना घ्यायची पूर्ण रक्कम) जमले की वरच्या पातळीचे फक्त 3 बाजूला काढायचे. ते गेले तर त्याच दिवशी खाली. वरची पातळी दुप्पट असेल तर खालचे 6 गेले, 34 शिल्लक. हे बसण्याआधी लिहिलेलं हवं, हरताना ठरवलेलं टिकत नाही. घरखर्चातला पैसा टेबलावर आला असेल तर मात्र धाकधूक खरं बोलत असते. तिथं मनाची तयारी वगैरे काही करू नये, उठावं.

रोजच्यासाठी इतकंच पुरे: एक टेबल, 45 मिनिटांचा गजर, शिल्लक रक्कम पडद्यावर झाकलेली. अडखळलो त्या डावावर खूण करायची, तपासणी मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी, 20 मिनिटांत तीन डाव. बहुतेकजण सगळ्यात मोठे हरलेले पॉट उघडतात आणि हळहळत बसतात. एक्क्यांची जोडी राजांच्या जोडीपुढे 18 टक्के वेळा हरायचीच, त्यात तपासायला काही नसतं. खूण केलेले फोल्ड उघडावेत. डाव निर्णयापर्यंतच वहीत उतरवायचा, पुढची पानं झाकून, आणि उत्तर पेननं लिहायचं. पेन्सिलीनं लिहिलं की निकाल पाहून खोडायचा मोह होतो.