पिशवीतली गुलाबी बाटली

सोलापूरजवळच्या कुंभारीहून आलेली सात वर्षांची मुलगी. तीन दिवस ताप, थुंकीही गिळवत नव्हती. सर्दी नाही, खोकला नाही. टॉन्सिलवर पांढरे ठिपके, जबड्याखालच्या गाठी दाबल्या की कळवळायची. स्ट्रेप या घशातल्या जंतूची रॅपिड टेस्ट करायची ती अशाच मुलांची. नाक वाहतंय, आवाज बसलाय, तर घसा बहुधा व्हायरसचा; तिथे किट वाया घालवू नये. तीन वर्षांखालीही सहसा नकोच.

या टेस्टचं सगळं यश घशातून नमुना घ्यायच्या काडीवर असतं. दोन्ही टॉन्सिल आणि घशाची मागची भिंत घासायची; मूल ओकारी देतं, द्यायलाच हवी. पोर रडलं की काडी जिभेवर फिरवून बाहेर काढणारे पुष्कळ आहेत. त्यांचा निगेटिव्ह रिपोर्ट मी धरत नाही. आमच्या किटात नळीत पहिल्या लालसर द्रावणाचे ४ थेंब, दुसऱ्याचे ४. रंग पिवळट झाला पाहिजे. काडी मिनिटभर त्यात घोळवायची, नळीच्या कडेला दाबून पिळायची, मग पट्टी बुडवायची. ५ मिनिटांनी वाचायचं. १० मिनिटांनंतर उमटलेली रेघ मोजायची नाही. टेस्ट नीट चालली हे दाखवणारी कंट्रोलची रेघच आली नाही तर टेस्ट बाद. किट २ ते ३० अंशांत ठेवायचं असतं, आणि सोलापुरात मे महिन्यात पारा चाळिशीपार. भर दुपारी स्कूटरच्या डिकीतून आलेलं खोकं मी घेत नाही.

मुलीची कंट्रोल रेघ ठळक आली, दुसरी, स्ट्रेपची, नाही. खऱ्या स्ट्रेपच्या शंभरातली पंधराएक मुलं ही टेस्ट हुकवते, म्हणून निगेटिव्ह आलं की कल्चर, म्हणजे घशातला नमुना लॅबमध्ये वाढवून पाहणं. ते लिहीत होतो, तेवढ्यात आजीनं पिशवीतून बाटली काढली. "हेच देऊ का ओ अजून?"

थोरल्या भावाचं अमॉक्सिसिलिन, म्हणजे अँटिबायोटिक. पाणी घालून वीस दिवस झालेलं, तळाशी गुलाबी गठ्ठा. पाणी घातलेलं सिरप आठवड्यात संपवायचं, उरलं तर टाकायचं, हे मेडिकलवाला सांगत नाही आणि आम्हीही घाईत सांगत नाही. कालपासून तीन डोस झाले होते. म्हणजे जंतू दबलेले असणार; त्या निगेटिव्हला अर्थ नव्हता, आणि कल्चरलाही राहिला नसता.

घसादुखी सुरू झाल्यापासून ९ दिवसांत औषध सुरू केलं तरी स्ट्रेपनंतर हृदयाच्या झडपा बिघडवू शकणारा रुमॅटिक फीवर टाळता येतो. सहा दिवस हातात होते. बाटली बंद केली, पॅरासिटामॉल दिलं, श्वास लागला, लाळ गळायला लागली किंवा तोंड उघडेना तर लगेच या म्हटलं, नाहीतर दोन दिवसांनी. आल्या. या वेळी दोन्ही रेघा. वजन १८ किलो. रोज किलोमागे ५० मिलिग्रॅम, म्हणजे ५ मिलीत २५० मिलिग्रॅमच्या सिरपचे ९ मिली दोनदा, पूर्ण १० दिवस. ६० मिलीच्या तीन बाटल्या लागतात. तिन्हींत एकदम पाणी घालायचं नाही: एक संपली की दुसरी, उकळून गार केलेलं पाणी खुणेपर्यंत.

पण पहिल्याच दिवशी औषध द्यायला हवं होतं का, हे अजून मनात घोळतंय. दोन दिवस ती पोर दुखण्यात होती. आई विड्या वळते, मजुरी हजार विड्यांमागे मिळते. दुसरी फेरी म्हणजे अर्धा दिवस बुडाला. ती आलीच नसती तर? त्या दिवशीच्या केसपेपरवर मोबाईल नंबरची जागा कोरी आहे.