हद्द न आखलेलं सरोवर

फ्रिडरिशहाफेनच्या धक्क्यावर उभं राहिलं की समोर स्वित्झर्लंड दिसतो आणि डाव्या हाताला, पार टोकाशी, ऑस्ट्रिया. आपण उभे जर्मनीत. बोडनझे हे 536 चौरस किलोमीटरचं सरोवर या तिघांचं. पण त्याच्या मोठ्या भागात, ओबरझेमध्ये, कोणाची हद्द कुठे संपते हे आजवर ठरलेलंच नाही. स्विस म्हणतात मधोमध. ऑस्ट्रिया म्हणतो, खोल पाणी तिघांचं सामाईक. जर्मनी ठाम काही बोलतच नाही. कृष्णेच्या पाण्याचे तंटे ऐकत सांगलीत वाढलेल्या मला याचं फार अप्रूप वाटतं.

इथे पाणी चढतं ते उन्हाळ्याच्या तोंडावर, आल्प्समधला बर्फ वितळून ऱ्हाईन नदी फुगते तेव्हा. हिवाळ्यात काठ उघडा पडतो. याच काठांवर हजारो वर्षांपूर्वी माणसं लाकडी खांब रोवून घरं बांधत होती. चिखलात टिकलेले ते खांब 2011 पासून जागतिक वारशात आहेत.

आज इतकं नितळ दिसणारं हे पाणी एकेकाळी शेवाळाने हिरवं पडत होतं. गावांचं सांडपाणी, साबणाच्या पावडरी, शेतातली खतं, सगळ्यांतला फॉस्फरस इथेच येऊन साचायचा. 1979 च्या सुमारास लिटरमागे 80 मायक्रोग्रॅमच्या वर गेला होता. हद्द ठरली नव्हती, पण घाण सगळ्यांचीच होती. म्हणून काठावरच्या राज्यांनी 1959 मध्येच एकत्र आयोग नेमला आणि पुढे सांडपाणी शुद्ध करणाऱ्या केंद्रांवर अफाट पैसा ओतला. आता ते प्रमाण 10 च्या खाली आहे. सिप्लिंगनजवळ 60 मीटर खोलीवरून उपसलेलं हेच पाणी पार श्टुटगार्टपर्यंत, जवळपास 40 लाख लोकांच्या नळाला जातं. राज्यकर्त्यांनी मनावर घेतलं तर काय होऊ शकतं, ते मी इथे रोज बघतो, आणि आपल्याकडची जलपर्णीने झाकलेली तळी आठवून जीव तुटतो.

मात्र कोळ्यांचं दुःखही खरं आहे. फॉस्फरस घटला म्हणजे पाण्यातलं पोषण कमी, पोषण कमी म्हणजे सूक्ष्म जीव कमी, आणि त्यांच्यावर जगणारा फेल्खन हा इथला लाडका मासाही कमी. त्यात काटेरी पाठीचा चिमुकला श्टिखलिंग मासा खोल पाण्यात पसरला. तो फेल्खनची पिल्लं खातो. 2016 मध्ये क्वागा शिंपला सापडला, मूळचा काळ्या समुद्राकडचा. नखाएवढा, पट्ट्यापट्ट्यांचा, पण एकावर एक असे थर चढवतो की दगड दिसत नाही. पाणी गाळून उरलंसुरलं अन्नही तोच फस्त करतो आणि पाणीपुरवठ्याच्या पाइपांत शिरून बसतो. कवचाची धार इतकी की पोहायला जाताना पायात रबरी बूट घालावे लागतात.

अखेर 2024 पासून ओबरझेमध्ये फेल्खन पकडायला तीन वर्षांची बंदी आली. थोडा फॉस्फरस वाढू द्या, अशी मागणी कोळ्यांनी पूर्वीच केली होती, ती नाकारली गेली. पिण्याचं पाणी आधी, हा निर्णय मला पटतो. पण पिढ्यान्‌पिढ्या या पाण्यावर जगलेल्या घरांना बंदीच्या काळात आधार देणंही तितकंच गरजेचं आहे, आणि तोही तिन्ही देशांनी मिळून द्यायला हवा.