स्वरयंत्र काढल्यावर परत बोलायला शिकलो, माझा अनुभव

दापोलीजवळच्या हर्णै बंदरावर वीस वर्षं मी माशांचा लिलाव पुकारायचो. ज्यांनी बघितलंय त्यांना माहितीच आहे, होड्या बाहेर पाण्यात उभ्या, माल बैलगाडीतून वाळूवर येतो आणि तिथेच ढीग लावून दहा ठिकाणी एकदम बोली सुरू, ज्याचा आवाज वर त्याच्याकडे गिऱ्हाईक. त्यामुळे परळला टाटा कॅन्सर हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांनी सांगितलं की स्वरयंत्र पूर्ण काढायला लागेल, तेव्हा मी आधी आजाराचं काही विचारलंच नाही, म्हणलं मी बोलणार कसा?

ऑपरेशनमध्ये श्वासनलिका मानेला पुढे आणून जोडतात, तिथे कायमचं भोक राहतं, त्याला स्टोमा म्हणतात. श्वास तिथूनच. नाकातोंडातून हवा जातच नाही, म्हणून चहा फुंकून पिता येत नाही आणि वास पण येत नाही. बंदरावरचा वास येईना याचं मला फार वाईट वाटलं, आवाजाइतकंच.

सुरुवातीला पाटीवर लिहायचो. बायको, मुलगा वाचायचे. पण आई निरक्षर, ती नुसती माझ्या तोंडाकडे बघत बसायची, आणि तिच्यासाठीच मी ठरवलं की मशीन लावून बोलायला शिकायचं.

तसे मार्ग तीन असतात. एक म्हणजे हवा गिळून ढेकर दिल्यासारखी वर काढायची आणि त्यावर बोलायचं, हे मला जमलं नाही. दुसरा, श्वासनलिका आणि अन्ननलिकेच्या मध्ये छोटा व्हॉल्व्ह बसवतात, त्याने आवाज बराच नैसर्गिक येतो. बाहेरचे व्हॉल्व्ह हजारो रुपयांचे असतात, म्हणून बंगळुरूचे कॅन्सर सर्जन डॉ. विशाल राव यांनी एका डॉलरच्या आसपास किमतीचा 'ऑम' व्हॉल्व्ह तयार केला, केवढं मोठं काम आहे ते! पण व्हॉल्व्ह कुठलाही असो, काही महिन्यांनी बदलावा लागतो, गळायला लागला तर लगेच दवाखाना गाठायचा, आणि दापोलीहून मुंबई मला दर वेळी झेपणारी नव्हती. म्हणून तिसरा, इलेक्ट्रोलॅरिंक्स. छोट्या टॉर्चएवढं बॅटरीवरचं मशीन, मानेला टेकवून बटण दाबलं की थरथरतं, तो आवाज कातडीतून तोंडात जातो आणि जीभ-ओठांनी आपण त्याचे शब्द करायचे.

पहिल्या दिवशी मानेला लावलं तर नुसती घरघर. रेडिएशनने मान लाकडासारखी झालेली, आवाज आत जाईना. थेरपिस्ट मॅडमनी बोटभर बोटभर सरकवत जबड्याखाली डावीकडे एक जागा शोधली आणि पेनाने खूण केली, महिनाभर ती खूण मी रोज आरशात बघून परत काढायचो. जागा जरा चुकली की सगळं बोलणं गेलं. आणि जोर लावायचा नाही, जोर लावला की स्टोमातून फुस्स हवा येते आणि समोरच्याला तेवढंच ऐकू येतं.

खरी मारामारी अक्षरांची झाली. मशीन सतत वाजत असतं, त्यामुळे प चा ब होतो, त चा द, क चा ग. पापलेट म्हणलं की बाबलेड. श्वासच नाही म्हणून ह नाहीच, हलव्याचा अलवा. आणि स इतका पुसट येतो की सातशे म्हणलं तर लोक आठशे ऐकायचे, लिलावात हे कसं चालेल! मॅडमनी शिकवलं, प म्हणताना बटण क्षणभर सोड आणि गालातली हवा ओठांनी फोड. रोज संध्याकाळी पडवीत बसून पाच, पंचवीस, पाचशे, सातशे, हेच. तीन महिने.

फोनवर लोक कंपनीचा रेकॉर्डेड कॉल समजून कट करायचे. आता मी आधी व्हॉट्सॲपवर टाकतो, मी फोन करतोय, आवाज मशीनचा आहे, ठेवू नका.

अपंगत्वाच्या सर्टिफिकेटचं पण सांगतो, कारण बऱ्याच जणांना माहीत नसतं. 2016 च्या अपंग हक्क कायद्यात 21 प्रकार आहेत, त्यात वाचा आणि भाषा दिव्यांगत्वात स्वरयंत्र काढलेल्यांचा उल्लेख आहे. यूडीआयडीचा, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्राचा, फॉर्म ऑनलाइन भरता येतो. एका खिडकीवर मला "हातपाय तर धड आहेत की" असं ऐकवलं, मी कायद्याची प्रिंट पुढे केली. तुम्ही पण न्या आणि मागे फिरू नका.

पाण्याला मात्र जपायलाच लागतं. स्टोमात पाणी म्हणजे थेट फुफ्फुसात, त्यामुळे होडीपर्यंत चालत जाणं बंद, पावसात गळ्याला कापड आणि वर छत्री. खिशात कार्ड ठेवलंय, "मी मानेतून श्वास घेतो, ऑक्सिजन तिथे द्या".

आठ महिन्यांनी बांगड्याचा एक छोटा ढीग पुकारला. डाव्या हातात मशीन, उजव्याने आकडा, सातला पंजा आणि मग दोन बोटं. बाकीचे पुकारणारे तेवढा वेळ गप्प राहिले, कुणी सांगितलं नव्हतं त्यांना. ढीग सातशेला गेला, सातशेलाच.

आणि आई? सगळ्यात आधी तिलाच माझं बोलणं कळायला लागलं. शब्द नीट आला नाही तर चुलीपासूनच ओरडते, "बटण सोड आणि परत बोल बाबा, प नाय आला".