जिंकलेली जमीन मी का सोडली?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. बेळगावकडच्या खानापूर तालुक्यातील आमच्या गावात मला एकच प्रश्न पुनःपुन्हा विचारला जातो : दाव्याचा निकाल तुमच्या बाजूने लागला असताना ती 27 गुंठ्यांची पट्टी भावाच्या नावे लिहून देऊन तुम्ही शरण का गेलात? ख्रिस्ती नसलेले शेजारी त्याला पुस्ती जोडतात की, तुमच्या धर्मात जिकडेतिकडे क्रूस आणि मरण, मग त्यातून तुम्हाला आशा कशी मिळते? मला या दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकच आहे असे वाटते.

आमच्या भागात ‘शरण’ हा शब्द सहज उच्चारला जात नाही. 1956 च्या राज्य पुनर्रचनेपासून सीमाभागातील मराठी घरांत लढा हाच शब्द मुले ऐकत आली, त्यामुळे शरण जाणे म्हणजे आखाड्यात पाठ टेकणे, असाच अर्थ मनात पक्का बसतो. पण बाजारात भेटणारा माझा लिंगायत मित्र ‘शरणु शरणार्थी’ म्हणून हात जोडतो, आणि बाराव्या शतकातील बसवेश्वरांच्या सोबत्यांना त्याच्या घरी अभिमानाने ‘शरण’ म्हणतात. तो शब्द त्याच्या तोंडी मानाचा आहे हे मी कित्येक वर्षे ऐकत होतो, पण त्याचा कधी विचार केला नव्हता.

वडील गेल्यानंतर ओढ्याकडेच्या त्या पट्टीवरून आम्हा भावांत दावा सुरू झाला आणि तो 11 वर्षे चालला. तारखेला आम्ही दोघे एकाच बसने जात असू, एक पुढे आणि एक मागे बसून. निकाल लागला त्या दिवशी मी पेढे आणले. आईने पेढा हातात घेतला, घरातल्या अल्तारावर, म्हणजे देव्हाऱ्यावर, ठेवला आणि तो तिथेच राहू दिला. ती काही बोलली नाही. भावाने अपील करायचे ठरवले आहे असे दुसऱ्या दिवशी कळले.

त्याच वर्षी पवित्र गुरुवारी, म्हणजे येशूच्या शेवटच्या भोजनाच्या स्मरणदिनी, चर्चमधल्या मिस्सेत (उपासनेत) पाय धुण्यासाठी निवडलेल्या बारा जणांत आम्ही दोघेही होतो, बाकाच्या दोन टोकांना. फादर परात आणि तांब्या घेऊन एकेकापुढे गुडघे टेकत होते. भावाचा पाय त्यांनी हातात घेतला तेव्हा मला त्याची भेगाळलेली टाच दिसली; ती हुबेहूब आमच्या वडिलांच्या टाचेसारखी होती. मग मनात आले की, त्या भोजनाच्या रात्री येशूने शिष्यांचे पाय धुतले, तेव्हा त्याला शत्रूंच्या हाती धरून देणाऱ्या यूदाचेही धुतले होते, आणि यूदा काय करणार आहे हे त्याला ठाऊक होते.

मिस्सेनंतरच्या आराधनेत मी उशिरापर्यंत बसलो. अटकेपूर्वी येशूने गेथशेमाने बागेत केलेली ती प्रार्थना लहानपणापासून ऐकलेली होती, पण येशूने आधी मागणे मागितले होते, हे त्या रात्री प्रथमच नीट ध्यानात आले. हा प्याला, म्हणजे समोर असलेले दुःख आणि मरण, टळावा, असे तो म्हणाला. तेही एकदा नव्हे, तीनदा. ‘माझी इच्छा नको, तुझी होवो’ हे त्यानंतरचे आहे. म्हणजे शरण जाणाऱ्याला काही हवेच नसते असे नाही. जे हवे ते तो देवापुढे उघडपणे मांडतो आणि मग निर्णय त्याच्या हाती सोपवतो. मलाही जमीन हवी होती आणि भाऊही हवा होता. मी दोन्ही मागितले, आणि त्यातले माझ्या हातातून सुटण्यासारखे एकच होते.

येथे एक गोष्ट स्पष्ट करणे मला अत्यंत आवश्यक वाटते. योहानाच्या शुभवर्तमानात येशू म्हणतो की, माझा प्राण कोणी हिरावून घेत नाही, मी तो आपण होऊन देतो. या एका वाक्यावर सारे उभे आहे. आपल्याकडे माहेर तुटेल अशी भीती घालून बहिणींकडून हक्कसोडपत्रावर सह्या घेतल्या जातात आणि वर त्याला त्याग म्हटले जाते. ते पाप आहे, त्याला क्रूसाचे नाव देऊ नये. मी निकाल जिंकल्यानंतर जमीन दिली, म्हणूनच ते देणे होऊ शकले.

आशेचे म्हणाल, तर मला पोलंडचे फादर मॅक्सिमिलियन कोल्बे आठवतात. 1941 मध्ये आउश्विट्झच्या छळछावणीत उपासमारीने मारण्यासाठी दहा कैदी निवडले गेले, तेव्हा फ्रांचिशेक गायोव्हनिचेक हा कैदी बायकामुलांच्या आठवणीने आक्रोश करू लागला, आणि कोल्बे त्याच्या जागी पुढे झाले. 14 ऑगस्टला त्यांना विषारी इंजेक्शन देऊन मारण्यात आले. गायोव्हनिचेक वाचला, 1982 मध्ये कोल्बे यांना संत घोषित केले तेव्हा तो रोममध्ये हजर होता, आणि 1995 पर्यंत जगला. पण ज्या मुलांसाठी तो रडला होता, ती दोन्ही मुले युद्धातच, 1945 साली मारली गेली होती. हा भाग मी कधी गाळत नाही. कोल्बे यांच्या बलिदानातून काय निष्पन्न होईल हे त्यांना ठरवता आले नाही, आणि तरीही ते व्यर्थ गेले असे मला म्हणता येत नाही.

भाऊ माझ्याशी अजून बोलत नाही. शुभ शुक्रवार आणि पुनरुत्थानाचा रविवार यांच्यामध्ये एक शनिवार असतो, ज्या दिवशी थडग्यावरचा दगड जागचा हललेला नसतो. मी त्या शनिवारात आहे. आमच्याकडे भाताची धूळवाफ पेरणी होते, हे तुम्ही जाणताच : पावसाचा थेंब नसताना कोरड्या मातीत बी टाकायचे, काही मुंग्या नेतील, काही पाखरे टिपतील, आणि उगवते आहे का हे पाहायला कोणी माती उकरायची नाही. गव्हाचा दाणा मातीत पडून मेला नाही तर एकटाच राहतो, मेला तर पुष्कळ पीक देतो, असे येशू जे बोलला ते समजायला मला दुसरा दाखला लागला नाही.

यंदा मे महिन्याच्या अखेरीस भावाने त्या पट्टीत पेरणीची कुरी धरली आणि मी बांधाच्या अलीकडे माझ्या शेतात धरली होती. आईने दोघांसाठी मिळून पाण्याची एकच घागर बांधावर ठेवली होती. पाऊस अजून यायचा होता.