पहाटे साडेपाचची कपाशी

एप्रिल संपत आला की जळगावात घरात झोपवत नाही, म्हणून आम्ही गच्चीवर. पहाटे साडेपाचला फोन वाजला. न्यू जर्सीहून भाची. तिकडे रात्रीचे आठ.

"मामा, तुम्ही हिस्टरी शिकवायचे ना? कापसाचं सांगा."

आठवड्यावर तिची एपी वर्ल्ड हिस्टरीची परीक्षा. शाळेतल्या पोरांना कॉलेजच्या तोडीचा इतिहास, इ.स. १२०० पासून आजपर्यंत, अख्खं जग! पेपर सव्वातीन तासांचा, तोही लॅपटॉपवर. ५५ मिनिटांत ५५ पर्याय टिपायचे, ते ठीक. खरी गंमत डीबीक्यूत. सात जुने कागद समोर टाकतात, कुणाचं पत्र, एखादा तक्ता, एखादं चित्र, आणि तासाभरात त्यांवर निबंध मागतात. सरावाचा तिचा प्रश्न होता, कारखानदारीने जगाचा व्यापार कितपत बदलला.

मी सुटलोच. १८६१ला अमेरिकेत यादवी पेटली, उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरं अडवली, इंग्लंडातल्या लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना, मग नजर इकडे वळली. मुंबईत सट्ट्याला ऊत आला. १८६५ला युद्ध संपलं, भाव कोसळला आणि भलेभले बुडाले. त्याच दशकात भुसावळला रेल्वे आली. वर आमच्या शेतातली वेचणी, बोंडाच्या टोकाने सोलवटलेली बोटं, हेही सांगून टाकलं.

पंधरा मिनिटं ती ऐकत होती. मग म्हणाली, "मामा, पण यातून माझा मुद्दा काय सिद्ध होतो?"

एकतीस वर्षं मी पोरांना 'कारणे लिहा' शिकवलं. पाच कारणं, पाच मथळे, खाली रेघ, पाच गुण. माझ्या वर्गात हे कुणी विचारलं असतं तर मी त्याला उद्धट ठरवलं असतं. इथे निबंधाच्या सात गुणांपैकी एक नुसत्या दाव्याचा, आणि कागदांबाहेरच्या पुराव्यालाही एकच. तोही त्या दाव्याला टेकू देत असेल तर. वेचणीला शून्य.

शेवटी एकच ओळ उरली : समुद्रापार बंदर अडलं आणि इथल्या कपाशीचा भाव हलला, म्हणजे शेतकरी दूरच्या गिरणीला बांधला गेला. तिने टाइप केली.

"खानदेश लिहू की बॉम्बे प्रेसिडेन्सी? तपासणाऱ्याला खानदेश कुठे कळणार?"

म्हटलं, दोन्ही लिही. खानदेश आधी.