सही करण्याआधी

लेक सोळा वर्षांची आहे. पाच वर्षं गो-कार्टिंग केल्यावर आता तिला खऱ्या रेसिंग कारमध्ये बसायचं आहे. अठराच्या आतली असल्यामुळे फॉर्मवर पालकाची सही लागते. दोन महिने तो फॉर्म आमच्या कोथरूडच्या घरात फ्रिजवर पडून होता. शेवटी तिच्या कोचचाच फोन आला. ते मूळचे कोल्हापूरचे. चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईला आणि कोइम्बतूरच्या कारी ट्रॅकवर त्यांनी कितीतरी शर्यती केल्यात. म्हणाले, "सही नंतर करा सर. आधी माझ्या शेजारी बसून बघा."

सूचना साध्याच होत्या. रात्री नीट झोपायचं. सकाळी मिसळ नको, पण उपाशीपोटीही यायचं नाही. दोन इडल्या किंवा केळी. कपडे सुती, कारण आगीत पॉलिस्टर वितळून कातडीला चिकटतं. बूट पातळ तळव्यांचे. रक्तदाब, पाठ, मान यांची काही तक्रार असेल तर आधीच सांगायची.

तळेगावच्या बाजूला एका खासगी ट्रॅकवर रविवारी सकाळी सातला पोचलो. आधी जोखमीच्या कागदावर सह्या, मग हेल्मेट. ते डोक्यावर धरून हलवलं की गालांची कातडीही सोबत हलली पाहिजे, तरच माप बरोबर. चष्मा हेल्मेट चढवल्यावर घालायचा.

पहिली फेरी फोक्सवॅगनच्या पोलोत होती. 2022 पर्यंत आपल्या चाकणलाच बनणारी गाडी, पण आतून सगळी रिकामी केलेली आणि लोखंडी पाइपांचा पिंजरा बसवलेली. सहा पट्ट्यांचा बेल्ट लावायलाच पाच मिनिटं गेली. कमरेचा पट्टा पोटावर नाही, खाली हाडावर, आणि तोच आधी आवळायचा, खांद्यांचे नंतर. मग मानेभोवती हान्स आला, म्हणजे खांद्यांवर बसणारी, डोकं-मान सावरणारी चौकट. बेल्ट धड धरून ठेवतो, डोकं मात्र मोकळंच असतं. समोरून जोराची धडक बसली की ते पुढे फेकलं जातं आणि कवटीचा तळ फुटू शकतो. हान्स हेल्मेटला पट्ट्यांनी अडवून ठेवतो. फॉर्म्युला वनमध्ये तो 2003 पासून सक्तीचा आहे. मी हे वाचलेलं होतं, पण तो स्वतःच्या खांद्यांवर बसला तेव्हा पहिल्यांदा लेकीच्या मानेचा विचार मनात आला. खरं तर त्या दोन महिन्यांत मी फक्त वेगाचाच विचार करत होतो.

कोचनी बजावलं, "हात मांडीवर. कशाला धरायचं न्हाई. अंगठा वर केला की चालू दे, तळहात दाखवला की मी थांबणार. आणि डोळं मिटू नका, लांब बघा."

शेवटची सूचना सगळ्यात कामाची ठरली. दोन वळणं मी बॉनेटकडे बघत होतो आणि पोट ढवळू लागलं. मग त्यांच्याकडे लक्ष गेलं. गाडी अजून वळणात शिरलीही नव्हती आणि त्यांची नजर वळणाच्या शेवटाला पोचली होती. मीही तिथेच बघू लागलो. मळमळ थांबली.

मग पोर्शे 911 जीटी3. चार लिटरचं, टर्बो नसलेलं, मागच्या चाकांच्याही मागे बसवलेलं इंजिन, मिनिटाला 9000 फेऱ्यांपर्यंत चढणारं. आवाजाबद्दल काय लिहावं कळत नाही. तो कानांपेक्षा पाठीच्या कण्यात ऐकू येतो. वळणातून बाहेर पडताना मागचा भार टायर रस्त्यात दाबतो आणि गाडी आपल्याला उचलून नेते. पण मला हादरवलं ते ब्रेकने. सरळ रस्ता संपत आला, मी मनात दोनदा ब्रेक दाबला, ते मात्र अजून पुढेच चालले होते. मग एकदाच, पूर्ण ताकदीने. अंगाचं सगळं वजन बेल्टवर आलं. मी भोसरीत मशीन शॉपमध्ये पंचवीस वर्षं काढली, आकडे कळतात: वेग 100 वरून 200 झाला की गाडीतली ऊर्जा चौपट होते, आणि ती सगळी ब्रेकच्या चकत्यांना उष्णता म्हणून गिळावी लागते. वळणात शिरताना त्यांनी पाय ब्रेकवरून एकदम काढला नाही, हळूहळू सोडत नेला. त्यामुळे भार पुढच्या चाकांवर राहतो आणि गाडी वळते. एवढ्या वेगात त्यांचे हात इतके कमी हलत होते की मी त्यांच्याकडे बघतच राहिलो.

तिसरी फेरी सावकाश, ब्रेक थंड व्हावेत म्हणून. गाडी उभी केल्यावर त्यांनी हँडब्रेकही लावला नाही. तापलेले पॅड आणि चकत्या एकाच जागी दाबून ठेवायच्या नसतात म्हणे.

उतरल्यावर पाय थरथरत होते. लेक पाण्याची बाटली घेऊन धावत आली.

"बाबा, तिसऱ्या वळणावर तुझं काय झालं?"

"तिथे मला वाटलं, गेलो."

"मलाही पहिल्यांदा वाटलं होतं. तिथे सरांनी ब्रेक कधी सोडला ते पाहिलंस?"

पाहिलं होतं. मग आम्ही दोघं तिथेच कठड्यावर बसून अर्धा तास त्या एका वळणाबद्दल बोललो. दोन महिन्यांत त्या विषयावरचं आमचं हे पहिलं बोलणं, ज्यात कुणाचा आवाज चढला नाही.

कोच परत जाताना आमच्याच गाडीत बसले आणि त्यांनीच चालवायला घेतली. तळेगाव ते चांदणी चौक, एकदाही हॉर्न नाही, पुढच्या गाडीपासून कायम अंतर राखून. रिक्षा आडवी येण्याआधीच त्यांचा पाय ब्रेकवर असायचा.

घरी आल्यावर फॉर्म काढला, सही केली. खाली माझी एक अट लिहिली: हान्स तिच्या मापाचा, नवा, आणि तो मी घेऊन देणार.